चौदा पानं आणि आत्याचे सहा शब्द

आधी माणसाला चोर ठरवायचं आणि मग म्हणायचं, 'आपले म्हणणे तीन ओळींत लिहा'! तीन ओळींत! अहो, तीन ओळींत माणसाची अब्रू मावते का? लाज कशी वाटत नाही यांना! नाही नाही, तुम्हाला नाही म्हणत मावशी, तुम्ही विणत राहा, तुम्ही तर बिचाऱ्या फक्त किती वाजले एवढंच विचारलंत. दहा पंचवीस झालेत, पण वेळ बघायला म्हणून मी खिशातून मोबाइल काढला, त्याच्याबरोबर रेल्वे कंपनीचं हे पत्र बाहेर आलं, आणि हे पत्र बाहेर आलं की माझं डोकं सटकतं, त्याला मी काय करू? आणि माझं स्टेशन दहा अडतीसला आहे, पुलापलीकडचं, म्हणजे तेरा मिनिटं आहेत आपल्याकडे, तेरा मिनिटांत तर मी... थांबा, वाचूनच दाखवतो.

'आपण वैध तिकिटाशिवाय हेतुपुरस्सर प्रवास केल्याचे आढळून आले आहे.' हेतुपुरस्सर! शब्द बघा! खून हेतुपुरस्सर करतात, दरोडा हेतुपुरस्सर घालतात. मी एक स्टेशन पुढे गेलो हो! आणि वैध तिकिटाशिवाय काय? तुम्हाला सांगतो, तिकीट खिशात होतं हो, खिशात!

आता झालं काय, ते नीट ऐका. मागच्या महिन्यात मी शाळेतल्या मुलाखतीहून परत येत होतो. नागरिकशास्त्राचा शिक्षक म्हणून! हसू नका, मला हाच विषय शिकवायचाय, कॉलेजात सगळे म्हणायचे, अरे गणित घे, शिकवण्या मिळतील, मी म्हटलं, गणिताने आकडे सुधारतील, माणसं कोण सुधारणार? तर मुख्याध्यापिका बाई खूश, नोकरी जवळजवळ पक्की, मी हवेत, आणि गाडीत माझ्यासमोर एक गृहस्थ बसलेले. चांगले इस्त्रीचे कपडे, मांडीवर लॅपटॉपची बॅग. आणि ते शेजाऱ्याला हसत हसत सांगतायत, 'आपण नाही बुवा तिकीट काढत. चार वर्षं झाली. कोण विचारतंय?'

आता मला सांगा, मी गप्प बसायचं? नागरिकशास्त्राच्या माणसाने? म्हटलं, 'माफ करा, पण ही गाडी कुणाची आहे?' ते म्हणाले, 'कंपनीची.' म्हटलं, 'चूक! ही गाडी तुमची आहे, माझी आहे, त्या कोपऱ्यात झोपलेल्या आजोबांची आहे!' आजोबा दचकून उठले आणि बॅग घट्ट धरून बसले, ते जाऊ द्या. मी उभा राहिलो. म्हटलं, 'तुम्ही तिकीट काढत नाही तेव्हा तुमच्या वाटचं ओझं ही बाई उचलते, हा विद्यार्थी उचलतो!' अहो, काय बोललो मी त्या दिवशी! डबा कान देऊन ऐकत होता. एकाने तर हेडफोन काढला कानातून. आजकाल कोण कुणासाठी हेडफोन काढतो हो?

आणि बोलता बोलता एक स्टेशन आलं, तर ते गृहस्थ उठले, बॅग खांद्याला लावली, माझ्या हातात हात दिला आणि म्हणाले, 'येतो हं. फार छान बोलता तुम्ही.' आणि उतरले! सहज! चार वर्षांच्या सवयीने! आणि मी? मी उरलेल्या डब्याशी बोलत राहिलो, कारण मुद्दा आत्ता कुठे रंगात आला होता. दारं बंद झाली, गाडी सुटली, आणि खिडकीतून मला आमच्या गल्लीच्या तोंडावरचं सायकलचं दुकान मागे जाताना दिसलं.

तो चोर माझ्या स्टेशनवर उतरला होता.

हसा, हसा! मावशी, टाके सुटतील तुमचे. आणि मागच्या बाकावरचे काका, तुम्हीही पेपराआड हसताय, कळतंय मला, पेपर हलतोय तुमचा. मघापासून एकच पान धरून बसलायत.

बरं, म्हटलं ठीक आहे, पुढच्या स्टेशनवर उतरू, उलट गाडीने मागे येऊ. पण पुढचं स्टेशन यायच्या आत कोण आला? टीसी! आणि कसला टीसी, तर सर्दी झालेला. म्हणजे प्रत्येक वाक्याआधी नाक ओढणार. 'स्स्... तिकीट.' मी तिकीट दिलं. 'स्स्... हे मागच्या स्टेशनपर्यंतचं आहे.' म्हटलं, 'बरोबर, कारण मला तिथंच उतरायचं होतं.' 'स्स्... मग उतरला का नाहीत?' म्हटलं, 'कारण मी विनातिकीट प्रवासाविरुद्ध बोलत होतो!'

त्याने माझ्याकडे असं बघितलं... असं... अहो काका, तुम्हालाही सर्दी झालीय वाटतं, सध्या साथच आहे, जपा. तर त्याने असं बघितलं, जणू मी त्याला सांगितलंय की मी चंद्रावरून आलो! मी डब्याकडे वळलो, म्हटलं, 'तुम्ही साक्षीदार आहात, सांगा यांना!' आणि तुम्हाला सांगतो, तो अख्खा डबा, दोन मिनिटांपूर्वी माना डोलावणारा, त्यातला एक एक जण खिडकीबाहेर बघायला लागला. त्या हेडफोनवाल्याने हेडफोन परत घातला! मग मी टीसीलाच समजावलं. नागरिकाचे हक्क, सेवकाचं कर्तव्य, हेतू आणि चूक यांतला फरक, सगळं सांगितलं, दहा मिनिटं सांगितलं, आणि तो बिचारा नाक ओढत वहीत लिहीत राहिला. मला वाटलं, माझे मुद्दे लिहून घेतोय! मी मुद्दाम सावकाश बोललो हो, त्याला लिहायला बरं पडावं म्हणून! तो लिहीत होता 'हेतुपुरस्सर'. आणि तिकीट खिशात होतं... म्हणजे तोवर त्याच्या हातात होतं, पण आधी खिशात होतं हो, खिशात!

मग आलं हे पत्र. सोबत एक फॉर्म. दोन चौकोन, 'आरोप मान्य' आणि 'आरोप अमान्य', आणि खाली त्या तीन ओळी. बाबा म्हणाले, 'मान्य कर, जो काय किरकोळ दंड असेल तो भर आणि मोकळा हो. कशाला डोक्याला ताप?' आई म्हणाली, 'ह्याच्या तोंडाला कुलूप लावणारी बायको आण म्हणजे झालं.' पण मान्य कसं करू? बारीक अक्षरात खाली काय लिहिलंय माहितीये? मान्य केलं की नाव नोंदवहीत चढणार, 'अप्रामाणिक प्रवासी'! आणि शाळेत सोमवारी रुजू व्हायचं तर लिहून द्यावं लागतं की माझ्यावर कुठलाही ठपका नाही. मुख्याध्यापिका बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, 'कंपनीकडून निर्दोष सुटल्याचा कागद आणा, नाहीतर मला दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल. नागरिकशास्त्र आहे हो, भूगोल असता तर चाललं असतं.'

म्हणून मी खुलासा लिहिला. चौदा पानं. नकाशासहित! गाडीत कोण कुठे बसलं होतं, मी कुठे उभा होतो, तो चोर कुठून उतरला, बाणांनी दाखवलंय. आणि रात्री जेवताना घरच्यांना वाचून दाखवला. सहाव्या पानावर बाबा हात धुवायला गेले ते आलेच नाहीत. पण आत्या बसून होती.

आता आत्या म्हणजे कोण, ते सांगायला हवं. आमची आत्या तारखात्यात होती, तीस वर्षं. तार करणाऱ्याला शब्दाला पैसे पडायचे ना, तर लोक लांबलचक रडगाणी घेऊन यायचे आणि आत्या खिडकीत बसून त्यातले शब्द कापायची. ती सवय हाडात भिनलीय. घरातसुद्धा तशीच बोलते. 'जेवण तयार. ये. गार होतंय.' माझ्या जन्माची बातमी तिनेच बाबांना कळवली होती. काय कळवलं असेल? 'मुलगा. रडतोय.' बस्स!

तर आत्याने चौदा पानं ऐकली. चष्मा काढला. आणि म्हणाली... थांबा, आवाजच काढून दाखवतो, असा अगदी कोरडा आवाज, मान जराही हलत नाही, '*चौदा पानं? कोण वाचणार? कुणी नाही.*' म्हटलं, 'आत्या, हा तत्त्वाचा प्रश्न आहे!' तर, '*तत्त्व ठेव. विशेषणं काढ.*' आणि तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि चौदाच्या चौदा पानांवर काट मारत गेली हो! खस्स, खस्स! लोकशाही गेली! घटना गेली! तो सायकलच्या दुकानाचा उतारा, जो वाचताना माझे स्वतःचे डोळे भरले होते, तो गेला! आणि शेवटी एका चिठ्ठीवर सहा शब्द लिहून माझ्यापुढे ठेवले. 'स्टेशन चुकले. तिकीट होते. हेतू नव्हता.'

मी काय केलं असेल? चौदा पानं स्वच्छ पुन्हा लिहिली आणि पाठवली. रजिस्टर पोस्टाने!

आणि कंपनीचं उत्तर काय, तर हे बघा. 'आपल्या पत्रातील पान चारवर आपण पुढील स्टेशनापर्यंत प्रवास केल्याचे स्वतःच मान्य केले आहे.' पान चार! म्हणजे पुढची दहा पानं उघडलीच नाहीत! 'तरी सुनावणीसाठी मुख्य कचेरीत सकाळी अकरा वाजता हजर राहावे.' तारीख आजची! 'संबंधित तिकीट तपासनीसही हजर राहतील. आपण गैरहजर राहिल्यास आरोप मान्य आहे असे समजण्यात येईल.' समजण्यात येईल! कुणी समजायचं? कोण आहे तिथे समजणारा? पण मी जाणार. त्या सर्दीवाल्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारणार, तिकीट खिशात होतं की नव्हतं?

सकाळी निघालो, तर आत्या दारात. ती चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात घातली, वरून हाताने दोनदा थोपटली, आणि म्हणाली, '*अकराला पोच. चिठ्ठी दे. गाडीत बोलू नकोस.*' मोजा! सात शब्द! आत्या सहाच्या वर जात नाही हो सहसा. म्हटलं, बघा, म्हातारीला किती काळजी! तेव्हाच ठरवलं, आज गाडीत तोंड उघडायचं नाही. शपथ! आणि बसलोही होतो गप्प, तुम्ही वेळ विचारेपर्यंत अगदी...

किती वाजले? दहा एकावन्न? कसं शक्य आहे? अहो, पूल कुठंय? पूल आला की मला कळलं असतं, खडखडाट होतो ना... मावशी, पूल?

'तो मघाच गेला की. तुम्ही आत्याचा आवाज काढत होतात ना, तेव्हाच. फार छान बोलता तुम्ही, म्हटलं मध्ये कसं तोडायचं?'

छान बोलता! परत छान बोलता! आणि आता ही गाडी थांबणार कुठे? एकदम शेवटच्या स्टेशनला? पाऊण तासाने? संपलं. अकरा वाजता आरोप मान्य, सोमवारी दुसरा उमेदवार, आणि पोरांना नागरिकशास्त्र शिकवणार कोण तर जो वेळेवर उतरतो तो! आणि काका, तुम्ही का उठलात? पेपर तरी खाली... काय म्हणालात? 'स्स्'?

अरे देवा.

साहेब! साहेब, तुम्ही साध्या कपड्यांत... मघापासून मागेच... म्हणजे ते नाक ओढण्याचं सगळं तुम्ही... नाही साहेब, आज मी काही बोलत नाही. एक अक्षर नाही. हे बघा, मागच्या स्टेशनापर्यंतचं तिकीट, खिशात होतं हो, खिशात... नाही, हेही बोलत नाही. ही चिठ्ठी घ्या. आत्याची. वाचा. सहाच शब्द आहेत, त्या दिवशीचेही हेच आणि आजचेही हेच.

वाचताय... परत वाचताय... बोला की साहेब! असे खिडकीबाहेर काय बघताय? लिहा त्या वहीत, काय लिहायचं ते लिहा!

'स्स्... काय लिहू? सुनावणीला मलाही अकरालाच बोलावलंय. मलाही तिथंच उतरायचं होतं.'