प्रस्तावनेतलं लेकरू

कस्तुराबाई : तेच सांगून राहिले मी सर. प्रस्तावनेतलं ते एक पान काढा. कविता आहेत तशा राहू द्या.

सिद्धलिंग : बाई, दोन तासांवर प्रकाशन आलंय. लातूर जिल्हा झाल्यावरचा आपला पहिला मोठा कार्यक्रम. कलेक्टरसाहेब येणार, अन् मी इथं पुस्तकं फाडत बसू?

कस्तुराबाई : मी फाडते.

सिद्धलिंग : पण माझं चुकलं काय? 'बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या या कवयित्रीनं पोटची पोर उदगीरच्या स्टेशनात सोडली. तिची कविता म्हणजे तिचं जगणं.' गौरवच केलाय तुमचा.

कस्तुराबाई : पोर सोडली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सिद्धलिंग : तुमच्याच कवितेनं. 'पाणी आणते म्हणाले, अन् गाडीत बसले.' 'मी' म्हणूनच लिहिलंय ना तुम्ही?

कस्तुराबाई : तुमच्या कादंबरीतला 'मी' तर सख्ख्या भावाचा खून करतो. तुम्हाला कुणी ठाण्यात नेलं का?

सिद्धलिंग : ते निवेदनाचं तंत्र आहे, बाई.

कस्तुराबाई : तुमचं ते तंत्र, अन् माझी ती कबुली?

सिद्धलिंग : तसं नाही. तुमच्या समाजातून आलेल्या लेखनात वाचक जगलेलं शोधतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्या अस्सलपणालाच तर मोल आहे.

कस्तुराबाई : म्हणजे आम्हाला रचता येत नाही. आम्ही नुसतं भोगायचं, अन् तुम्ही त्याला प्रस्तावना लिहायची.

सिद्धलिंग : एवढं कडू बोलू नका.

कस्तुराबाई : कडूच आहे ते. माझी सरू बारा वर्षांची आहे. काल पुस्तक घरी आलं, तिनं आधी तेच पान वाचलं. म्हणाली, आई, मग मला का ठेवलंस? तेव्हापासून जेवलं नाही लेकरू.

सिद्धलिंग : मग ती पोर कुणाची?

कस्तुराबाई : खडीवर आम्ही बायका एकमेकींचं दुःख 'मी' म्हणूनच सांगायचो. शेजारणीचं रडू आपल्या तोंडून. कुणाच्या घरातलं आहे, ते मुकादमाला कळू नये म्हणून. तसंच लिहिलं मी. जिचं आहे तिनं दुसरं घर केलंय, उमरीला नांदते. मालकाला यातलं काही ठाऊक नाही. नाव नाही घेणार मी तिचं.

सिद्धलिंग : मग लोक म्हणतील, बाईंनी उसनं दुःख छापलं. पुस्तक तिथंच संपलं. त्यापेक्षा खडीवरची एखादी बाई आणा. ती पोर बाईंची नव्हती, एवढं तिनं म्हणावं. मी माझ्या हातानं पान फाडतो.

(दार ढकलून भीमा आत येते. तिचे मालक उंबऱ्याबाहेर थांबतात.)

भीमा : कस्तुरा, येऊ का गं? उमरीहून पहाटंच निघालो. पेपरात तुझं नाव आलं, तर मालकच म्हनले चल.

कस्तुराबाई : भीमा, तू कशाला आलीस गं?

सिद्धलिंग : तुम्ही खडीवर होतात यांच्यासोबत?

भीमा : हाव. एकाच ढिगावर बसायचो दोघी.

सिद्धलिंग : बरं झालं. मग सांगा, उदगीरच्या स्टेशनात पोर कुणी सोडली?

कस्तुराबाई : सर, तिला नका विचारू.

सिद्धलिंग : का? तुमच्याच बाजूचं आहे. मालक, तुम्हीपण या ना आत, ऐका.

भीमा : मला काय ठावं? लई दिवस झाले त्याला.

सिद्धलिंग : आठवा जरा. या बाईंची होती की दुसऱ्या कुणाची?

भीमा : हिचीच. कस्तुरानंच सोडली. मी संगं होते ना.

सिद्धलिंग : बाई, ऐकलंत?

कस्तुराबाई : ऐकलं.

भीमा : लाल झबलं होतं अंगात. बाकड्यावर बसली होती, हाती भाकरीचा तुकडा घेऊन. रडली न्हाई. तिला वाटलं, येतीच हाय आई पानी घेऊन.

सिद्धलिंग : झबलं, भाकरी, हे काहीच कवितेत आलं नाही. बाई, पुढच्या आवृत्तीत हे घ्याच.

भीमा : कस्तुरा, माझ्यावर रागावलीस का?

कस्तुराबाई : न्हाई गं. बस, दुरून आलीस. सर, राहू द्या ते पान.

सिद्धलिंग : अन् सरू?

कस्तुराबाई : घरी गेल्यावर सांगते तिला. तुला एक बहीण होती म्हणून.