चाळिसाव्या पानावरची चिठ्ठी

...आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्ही ग्रंथपाल, तुम्हाला एवढा राग का?’ का म्हणजे? विज्ञान कादंबरीच्या पुरस्काराची पुस्तकं तीन परीक्षकांच्या, म्हणजे अध्यक्ष, एक दंतवैद्य आणि एक समीक्षकबाई यांच्या, घरी पोचवायची आणि परत आणायची, बारा वर्षं मी हेच करतोय. यंदा नामांकनाच्या यादीत एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोन पुस्तकं... एक सातशे पानांचं, आकाशगंगेच्या अर्थकारणावर; दुसऱ्यात पंधरा वर्षांची मुलगी, चंद्रावरच्या वस्तीतली हवा संपत चाललीय आणि मोठी माणसं बैठका घेतायत. तर अध्यक्ष म्हणाले, ‘छान आहे, पण किशोरांचं आहे हो ते.’ झालं! अहो, पंधरा वर्षांच्या मुलीला हवा कमी लागते का?

तुम्हाला सांगतो, बाहेर बोलू नका, मी प्रत्येक प्रतीत चाळिसाव्या पानावर एक बारीक चिठ्ठी ठेवतो. माणूस तिथवर पोचला की ती पडते. पुस्तक परत आलं की वहीत नोंद. सातशे पानी ग्रंथात तिन्ही चिठ्ठ्या जागच्या जागी, इस्त्री केल्यासारख्या. आणि त्या मुलीचं पुस्तक? दंतवैद्यांच्या प्रतीत शेवटच्या प्रकरणावर चहा सांडलेला. समीक्षकबाईंची प्रत सुनेकडे, तिथून भाच्याकडे, परत मिळवायला मी तीन चकरा मारल्या. अध्यक्षांच्या मिसेस तर दारातच म्हणाल्या, ‘काय दिलंत हो भाऊ? जेवायला उठेनात. डोळे पुसत होते, विचारलं तर म्हणे चष्म्याचा नंबर वाढलाय.’

आणि हेच गृहस्थ बैठकीत, ‘किशोरांचं आहे हो ते.’ दंतवैद्यांची मान हलतेय. बाई म्हणतात, ‘ओघ आहे, खोली नाही.’ मी म्हटलं, साहेब, तुम्ही रडलात. तर म्हणाले, ‘म्हणूनच सांगतोय. प्रौढ वाङ्मयात असं होत नाही.’

मग मात्र माझं डोकं फिरलं. वही टेबलावर आपटली, सगळ्या नोंदी तारखेसकट वाचून दाखवल्या. अध्यक्ष चष्मा काढून पुसायला लागले. वाटलं, मिळाली पोरीला जागा... तेवढ्यात बाईंनी शांतपणे विचारलं, ‘आणि त्या मोठ्या ग्रंथात तुमची स्वतःची खूण कुठं आहे?’

आता खोटं कशाला बोलू? बेचाळिसाव्या पानावर.

ग्रंथ गेला यादीत. त्याचा परिचय मी लिहायचाय. अध्यक्षच म्हणाले, ‘आपल्यात सगळ्यांत पुढं तुम्हीच गेलात.’