बसल्या जागी व्यायाम

येरमाळ्याच्या थांब्यावर माझ्या शेजारी दीड महिन्याची बाळंतीण आणि तिची सासू दवाखान्यातून येऊन बसल्या.

“शिवकन्या, डॉक्टरबाईनं व्यायाम सांगितलाय ना? मग कर की.”

“करायलेय की, आत्या.”

“कुठं? नुसती बसलीस.”

“आतनं करायचा असतो. लघवी अडवल्यावानी आवळायचं, दहा मोजायचे, मग सोडायचं.”

“ह्याला व्यायाम म्हणत्यात व्हय? आमी पोट बांधून बाजंवर पडायचो, बस्स. कशापायी हे?”

“खोकल्यावर थेंब येत्यात, ते थांबायला.”

“ते थांबतंय? ते बाईमाणसाला असतंयच की! तुझ्या नवऱ्याच्या बाळंतपणापासनं म्या फडकं ठेवते.”

“कुठल्याबी वयात फरक पडतो म्हणल्या.”

सासू जरा सावरून ताठ बसली.

“आत्या, गाडी आली. उठा.”

“थांब गं, सातच झालेत.”