छुईचं ढेकूळ

सन चौऱ्याहत्तरचा कुवार, म्हणजे आश्विन महिना, बुधवार. मले दवाखान्यातल्या कामाची छुट्टी होती आन् मी आंगणात पुताईसाठी छुई भिजवून राह्यली होती. छुई म्हणजे पांढरी माती, आमच्याकडं भिंतीले तीच लावतात. तितक्यात कमला आली, माही सवत, चौथा महिना लागला होता तिले. टोपल्यातलं एक कोरडं ढेकूळ उचललं आन् तोंडात टाकलं. मी पाह्यलं आन् काहीच बोलली नाही. काहून नाही बोलली, ते आधी सांगते.

मी कटंगीकडची. छप्पन साली माह्या बाबानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली आन् आल्या आल्या घरातले देव उचलून नदीत टाकले. मी तवा बारा-तेरा वर्साची. पाच वर्सानं लगन झालं, वारासिवनीजवळ या गावात. सासरच्यानंबी दीक्षा घेतली होती, पण काय सांगू तुम्हाले, माह्या सासूनं देव टाकले, भगत नाही टाकला.

घरात धान ठेवाची एक खोली. धान म्हटलं का उंदीर आले, म्हणून सासूनं तीन मांजरी पाळल्या. त्याच खोलीच्या कोपऱ्यात छुईचा ढीग, वर्सभराचा. मांजरीले कोरडी मोकळी माती भेटली का ती काय करते, हे काय सांगाले पाह्यजे? उकरते, बसते, झाकते. आमी वरवरची घाण उचलून फेकत होतो आन् खालची माती घेत होतो. तीच भिंतीले, आन् तीच गरवार बाईच्या तोंडात. हौ, तोंडात. दिवस गेले का बाईले माती खावीशी वाटते, आन् सासूनं आपल्या हातानं देल्ली तर तो मोठा लाड. मलेबी देल्ली. खाय वो, म्हणे, पोरगं गोरं होते. मी खाल्ली, रोज खाल्ली, खोटं काहून बोलू, भाजल्या चण्यासारखी लागे.

पोरगं झालं. डोकं मोठं, पाण्यानं भरलेलं, डोळे उजेडाकडं फिरेच ना. नऊ दिवस जगलं. भगतानं राख फुकून सांगितलं का हिच्या पोटात खाणारी बसली आहे, नवरा हिच्याजवळ गेला तर तोबी जाईन. माह्या नवऱ्याले हिंमत अशी का दहा वर्स आंगणात झोपला, थंडीतबी. आन् सासू मले लेकरूखाई म्हणाले लागली. विहिरीवर लेकरूखाई, लगनात लेकरूखाई. कोणाचं लेकरू माह्याजवळ आलं का झटक्यानं ओढून घे. दहा वर्स दुसरी पोरगी शोधली, मंग ही सतरा वर्साची कमला आणली. मी माही चूल अलग केली, वारासिवनीच्या दवाखान्यात आया लागली, आपलं कमावून आपलं खाल्लं. पण घर नाही सोडलं. माह्यं लेकरू तिथं गेलं, मी काहून जाऊ?

त्याच वर्सी दवाखान्यात नागपूरची नवी डॉक्टरीनबाई आली. उन्हाळ्यात एक बाई तसंच मोठ्या डोक्याचं लेकरू घेऊन आली. मी बादली खाली ठेवली आन् म्हटलं, बाई, असंच माह्यं होतं. तिनं मले बसवलं आन् विचारलं, घरी मांजरी होत्या का, मटन अर्धकच्चं खात होती का, माती खाल्ली होती का. रक्त काढून नागपूरले पाठवलं, दीड महिन्यानं कागद आला. टोक्सोप्लाज्मा. तीनदा म्हणून घेतलं तवा जिभेवर बसलं. हा जंतू मांजरीच्या घाणीतून मातीत, मातीतून बाईच्या पोटात, तिथून लेकरात. बाई म्हणे, इतक्या वर्सानं पक्कं कोणी सांगू शकत नाही, पण मला हेच वाटतं. आन् वरून म्हणे, हा रोग एकदा होऊन गेला की पुढच्या लेकराला बहुतेक काही होत नाही, तुला दुसरं मूल चांगलं झालं असतं.

मी रडली नाही. मले फक्त बुडीचं, माह्या सासूचं, तोंड दिसलं.

घरी सांगितलं नाही. कमलाचे दिवस गेले तवाबी नाही. मनात म्हटलं, हिचंबी लेकरू तसंच झालं तर पाहू बुडी कोणाले लेकरूखाई म्हणते.

म्हणून त्या बुधवारी मी चूप. बुडी दारातून वरडली, कमला, तिकडं तोंड करून खाय वो, लेकरूखाई पाहून राह्यली! कमलानं तोंड फिरवलं नाही. उलट माह्याजवळ येऊन बसली, हातावर एक ढेकूळ धरलं, म्हणे, घ्या नं बाई, तुमीबी खा, मोठी मस्त लागते. सतरा-अठरा वर्साची पोरगी, अक्कल चण्याएवढी. हिच्याशी माह्यं भांडण नव्हतंच. मी तिच्या हातावर चापट मारली, जबडा धरला आन् बोट घालून तोंडातली माती काढली. ती रडाले लागली, बुडी छाती बडवाले लागली, शेजारच्या बाया जमल्या. मी तिथं एक शब्द बोलली नाही. माह्यं कोणी मानलं असतं? मले डॉक्टरीनबाईचं तोंड पाह्यजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघींले पह्यल्या मोटरीनं वारासिवनीले नेलं. बुडीले म्हटलं, मामी, चला, ताकदीची सुई फुकट देतात. लगेच लुगडं बदललं तिनं. दवाखान्याच्या ओसरीत वीसेक गरवार बाया बसल्या होत्या, त्याईच्या मधात बुडीले बसवलं. डॉक्टरीनबाईनं कमलाचं रक्त काढलं आन् विचारलं, हिला माती कोण देतं? बुडी तोऱ्यात म्हणे, मीच देते, माह्या हातानं, पह्यलीलेबी मीच देल्ली होती.

बाईनं मंग सगळं सांगितलं, मांजरीपासून. बाया ऐकून राह्यल्या होत्या. बुडी म्हणे, मले काय मालूम होतं? मी जिंदगीत पह्यल्यांदा तिले तू म्हटलं. म्हटलं, मालूम तर मलेबी नव्हतं, पण अकरा वर्स लेकरूखाई कोणाले म्हणत होती तू? आता तुह्या तोंडानं सांग या बायाईले, माह्यं लेकरू कोणाच्या हातानं गेलं.

ती उठून जाले लागली. मी म्हटलं, बोलशील तवाच मोटरीचं तिकीट काढीन, आन् बादली उचलून कामाले लागली.