राजाच्या स्वगतात शेठ

अमरावतीच्या त्या शेठचं नाव काढू नका, अजून डोकं तापतं. कापसाला भाव आला म्हणून आमची नाटकमंडळी त्यानंच बोलावली होती. आमचा गोविंदा राजा झाला होता. दिलेलं वचन पाळायचं तर पोटच्या पोराचा बळी द्यायचा, म्हणून तो एकटाच उभा राहून स्वतःशी बोलत होता.

पुढच्या गादीवरून शेठ ओरडला, "काहून एकटाच बडबडून राहिला बे?"

गोविंदा संतापला. "मग तुमीच सांगा शेठजी, पोरगं मारू का वचन मोडू?"

"मोड न! भाव चढला की आमी रोज मोडतो."

लोक खदखदून हसले. गोविंदानं मुकुट काढून शेठपुढं आदळला. "घ्या, तुमीच व्हा राजे!"

शेठनं तो खरंच डोक्यावर घातला, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या!