पंखवाल्याचा सदरा

...नकाशात चूक असती ना, तर मी मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं, पण नकाशात चूक नव्हती हो! सात वर्षं घालवलीत मी माझ्या कादंबरीतल्या जगावर. भूगोलाचा मास्तर आहे मी, माझ्या जगातल्या नद्या उताराकडेच वाहतात. दोन चंद्र आहेत, दोन्हींच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे, सत्तावीस राजांची वंशावळ आहे, त्यातला एक वेडा आहे आणि त्याला वेड का लागलं याची तळटीपसुद्धा आहे. अकरा वह्या भरल्यात. कादंबरी? कादंबरीची पाच पानं झालीत. हसू नका. आधी जग उभं राहायला नको का?

तर संपादकबाईंचा निरोप आला. शनिवारी या, सुरुवात वाचून दाखवा, पटली तर छापू, नाही पटली तर पुन्हा येऊ नका. हे शेवटचं त्या बोलल्या नाहीत, पण आवाजात होतं. म्हटलं, आधी घरी सराव करावा. बायकोनं कधीच सांगून ठेवलंय, 'छापून आलं की वाचीन,' म्हणजे तो रस्ता बंद. राहिली आई. आई चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, शिलाई मशीनवर बसली की हात गुंतलेले, उठून जाता येत नाही. असा श्रोता मिळत नाही, तुम्हाला सांगतो.

मी सुरू केलं, जरा घसा खाकरून... 'उत्तुंग मनोऱ्याच्या टोकावर राजा एकटाच उभा होता. अंगात निळा रेशमी अंगरखा, पाठीवर विशाल शुभ्र पंख...'

मशीन थांबलं.

'पंख पाठीवर?'

'पाठीवरच असतात, आई.'

'पंख आहेत, मान्य. सदरा घालतो कसा?'

सत्तावीस राजे जागच्या जागी गारद! म्हटलं, सदऱ्याला मागे दोन भोकं असतात. आईनं चष्म्यावरून बघितलं. 'एवढ्याशा भोकातनं एवढा पंख? तुझं नुसतं डोकं जाईना म्हणून मी गळे उसवायची.' आता बेचाळिसाव्या वर्षी हे ऐकून घ्यायचं? म्हटलं, अगं, तिथं जादू असते. 'जादू असते, तर मग सदरा कशाला लागतो?'

बोला!

रागानं वही मिटली. म्हटलं, हिला काय कळतंय साहित्यातलं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात वारे शिकवतोय, ईशान्येकडून येणारे, नैऋत्येकडून येणारे, आणि फळ्याकडे तोंड करून माझ्या मनात काय? पंख आहेत, मान्य, सदरा घालतो कसा? एका मुलीनं विचारलं, सर, पुढे? म्हटलं, पुढे नाही, मागे... अडचण मागे आहे.

घरी येतो तर आईनं जुन्या चादरीचा कच्चा सदरा बेतून ठेवलेला. मला उभं केलं, पाठीला दोन झाडू बांधले, टेप लावली. बायको दारात आली, बघितलं, म्हणाली, 'मी काही विचारत नाहीये,' आणि गेली. आई तोंडात टाचण्या धरून सांगतेय, 'पुढून अंगात घालायचा. पाठ सगळी उघडी. मधली पट्टी दोन पंखांमधनं खाली आणायची, बटणं तिथं.'

'तिथं त्याचा हात कसा पोचणार?'

'नाहीच पोचत. दुसऱ्यानं लावायची.'

'आणि दुसरं कुणी नसलं तर?'

'मग हिंडायचं उघड्या पाठीनं.' एक टाचणी काढली, खोचली. 'तुझे बाबा गेल्यावर मी माझे सगळे कपडे पुढून बटणांचे करून घेतले.'

तुम्हाला सांगतो, मला हे माहीतच नव्हतं. दोन चंद्रांची भरती तोंडपाठ, आणि आईची बटणं कधी पुढे आली याचा पत्ता नाही. झाडू बांधलेल्या माणसाला रडतासुद्धा येत नाही नीट... पण आलं.

ती पाचही पानं फाडली. नवीन एकच पान लिहिलं. राजानं सगळ्यांना हाकलून दिलंय, बारा वर्षं मनोऱ्यावर एकटा, समोरून बघाल तर रेशीम, मागून पाठ उघडी, वारा लागतोय. आणि एक म्हातारी शिंपीण धापा टाकत जिने चढून येते, म्हणते, वळ.

शनिवारी गेलो. नकाशा पसरला, बाईंनी माझ्या उत्तर महासागरावर चहाचा कप ठेवला. मी पान वाचलं. बाईंनी कप उचलला, पान हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, 'ह्या शिंपिणीची गोष्ट लिहा. छापू. बाकीचं काढा.'

'दोन चंद्र?'

'काढा.'

'सत्तावीस राजे?'

'एक ठेवा. पाठ उघडी असलेला.'

सात वर्षं, अकरा वह्या, आणि उरलं काय, तर एक बाई आणि चार बटणं! पण खोटं कशाला बोलू, हवेत होतो मी. धावत घरी आलो, म्हटलं, आई, पुस्तक येतंय, तुझ्या शिंपिणीचं! आईनं मशीन थांबवलं, चष्मा काढला, डोळे पुसले, माझ्याकडे कौतुकानं बघितलं... आणि म्हणाली,

'चांगलं झालं हो. बरं, पंख आहेत, मान्य. झोपतो कसा?'

...बारावी वही आणायला चाललोय.