जास्त दाबलेला कृमी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, प्रयोगशाळेतील सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

हा समारंभ माझ्या पत्नीच्या निवृत्तीचा ठरला होता. ती गेल्या महिन्यात गेली, तरी आपण तो रद्द केला नाहीत, याबद्दल मी आभारी आहे. मला बोलायची सवय नाही. घरात दोघांच्या वाटचं तीच बोलायची.

बेडकांच्या पोटातले चपटे कृमी ओळखणं हे तिचं काम. कृमी ज्याच्या पोटात राहतो त्या बेडकाला तुमच्या शास्त्रात यजमान म्हणतात. लग्नानंतर आठवड्याभरात मी तिला न्यायला आलो, तर ती आतून शिपाईमामांना ओरडून सांगत होती, "यजमान बादलीत आहेत ना? झाकण लावा, उड्या मारतात!" मामांनी माझ्याकडे असं काही पाहिलं! आज ते समोरच बसलेत. हसा मामा, तिलाही आवडलं असतं.

आत्ता सर्वांनी तिने शोधलेल्या नव्या कृमीचा गौरव केला. त्याबद्दलच थोडं सांगायचं आहे. कृमी दोन काचांमध्ये अलगद दाबून पाहतात. जोर जास्त झाला तर तो पसरतो, आतले अवयव सरकतात, आणि ओळखीचा कृमीही अनोळखी दिसतो. दवाखान्यात दाखल होण्याआधी तिने त्या कृमीची जुनी स्लाइड पुन्हा काढली, शेजारी ताजे कृमी ठेवून पाहिले. घरी आली ती चप्पल न काढताच बसली.

"अहो, तो नवा नव्हताच. मीच जास्त दाबला होता."

मी म्हणालो, "बावीस वर्षांनी कोण विचारतंय? राहू दे."

"राहू दे काय? मुलं त्याच्यावरून शिकतात. निरोपाच्या दिवशी मीच सांगेन."

तो दिवस आज आहे. खरं सांगतो, सकाळपर्यंत मी गप्प बसायचं ठरवलं होतं. ती गेल्यावर तिचा मान मीच कमी करायचा? मग तिच्या खणात हे लेबल सापडलं. त्या स्लाइडसाठीच लिहिलेलं, तिने दिलेलं नवं नाव काढून ओळखीच्या कृमीचं जुनंच नाव घालून. अक्षर हललंय, पण वाचता येतं. अध्यक्षांनी ते माझ्याकडून घ्यावं.

आपण सर्व आलात, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा करा. तिच्या चुकीला मात्र क्षमा नको. तेवढं लेबल बदला.